सहा हजारांच्या आतली चेसिस

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी नाक मुरडायला नको. वडीगोद्रीत हायवेच्या कडेला माझं सेवा केंद्र आहे. पीकविमा, सातबारा, उत्पन्नाचा दाखला, जे म्हणाल ते भरून देते. दिवसातून चाळीस माणसांना "ओटीपी आला का?" असं विचारून बघा, आणि त्यातल्या तीस जणांनी "मोबाईल घरी राह्यला" असं सांगितल्यावर हसून दाखवा. मग माझ्या स्वभावाबद्दल बोलू.

तर गेल्या वर्षी एके दिवशी माझ्याच टेबलासमोर माझे वडील येऊन बसले. रीतसर रांगेत उभे राहून, नंबर आल्यावर. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. त्यांनी शर्टाच्या खिशातून लायसन्स काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "रिन्यूचा फॉर्म भर."

"डॉक्टरचा दाखला?"

"तू भर की. दाखल्याचं मंग पाहू."

"अण्णा, दाखल्याशिवाय पुढचं पानच उघडत नाही."

"मंग दुसरं पान उघड."

रांगेतली माणसं हसली. झालं, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "घरी जा! डॉक्टरांनी एकदा सांगितलंय ना, तुमचं लायसन्स होणार नाही म्हणून?" असं मी चारचौघांत, चांगलं खणखणीत बोलले. अण्णांनी लायसन्स उचललं, खिशात घातलं आणि निघून गेले. त्यानंतर एकोणीस दिवस ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

अण्णांनी चौतीस वर्षं ट्रक चालवला, त्यातली शेवटची चौदा वर्षं स्वतःचा. जालन्याहून सळई भरायची, लांब कुठं तरी उतरवायची आणि येताना मिळेल तो माल घेऊन यायचं. मग डोळ्यांत काचबिंदू निघाला. जालन्याच्या डॉक्टरांनी त्यांना एका मशीनसमोर बसवलं. कुठंही बारीक उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं, एवढंच काम. अण्णांनी हुशारी केली. दिसो न दिसो, ते आपले ठरावीक वेळानं बटण दाबत राहिले. डॉक्टर वयानं लहान होते, पण कच्चे नव्हते. म्हणाले, "काका, मी आत्ता उजेड दाखवलाच नाही. तुम्ही कशासाठी दाबलं?"

अण्णा म्हणाले, "येनार व्हता, म्हनून."

समोरचं उत्तम दिसतं, उजवीकडचं बरं दिसतं, पण डाव्या बाजूचं गेलंय आणि ते परत येणार नाही, असा निकाल निघाला. ट्रक बंद, जीपही बंद, मोटारसायकलसुद्धा बंद. अण्णांना ते मिनिटभरही पटलं नाही. "माझे डोळे माझ्या डोक्यात हायेत, त्या पोराला बाहेरून काय कळतं?" असं ते येताना एसटीत सगळ्यांना सांगत आले.

ट्रक विकला तेव्हा आम्हाला वाटलं, संपलं. पण आमच्या अंगणात चुलतभावाची पिकअप उभी असते. एके सकाळी अण्णा "दूध आनतो" म्हणून पिकअप घेऊन गेले ते थेट शहागडपर्यंत. दूध आणलंच नाही, उलट डाव्या बाजूचा आरसा कुठं तरी ठेवून आले. विचारलं तर म्हणाले, "तो अगोदरच ढिल्ला व्हता." आईनं त्याच दिवशी पिकअपची किल्ली ज्वारीच्या कोठीत पुरून टाकली. चुलतभावाला गाडी लागली की तो बिचारा आमच्या दारात उभा राहायचा आणि आई कोपरापर्यंत हात घालून ज्वारी चाळायची. नवल म्हणजे अण्णांनी एकदाही किल्ली मागितली नाही. आई म्हणाली, "आले बघ ताळ्यावर."

मला तसं वाटत नव्हतं. माणूस ताळ्यावर आला की जेवतो तरी. अण्णा अर्धी भाकरी ठेवून उठायचे आणि हायवेच्या कडेला जाऊन बसायचे. मला रोज भीती वाटायची की आज हे कुणाची तरी गाडी मागून घेतील आणि संध्याकाळी कुणी तरी धावत येऊन आम्हाला काही तरी सांगेल. हायवेवर डावीकडून शाळेची पोरं येतात, म्हातारी माणसं येतात. ती भीती घेऊन मी दिवसभर ओटीपी विचारत होते.

विसाव्या दिवशी मी जेवताना मोबाईल ताटाशेजारी उभा करून ट्रकच्या गेमचा व्हिडिओ लावला. मुद्दामच, आणि आवाज मोठा करून. कुणी तरी स्टिअरिंग लावून घरात बसून ट्रक हाकत होता. अण्णा मान वाकडी करून पाहत राहिले. चढ आला तसे एकदम म्हणाले, "येडं हाय का हे? चढाला तिसरा गियर कामून ठेवला?"

एकोणीस दिवसांनंतरचं पहिलं वाक्य हे होतं. मी म्हणाले, "असं एक तुमच्यासाठी करू का?" त्यांनी ताटातली भाकरी संपवली.

मग मी कामाला लागले. गेम खेळायचा म्हणजे केंद्रातल्या फॉर्म भरायच्या कॉम्प्युटरवर भागत नाही, जोरदार मशीन लागतं, आणि तयार मशीनच्या किमती बघून मी मोबाईल उलटा ठेवला. सुटे भाग जमवायचं ठरवलं. जालन्यात एक गेमिंग पार्लर बंद पडत होतं, तिथून ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर आणि दोन रॅम जुन्यात मिळाल्या. स्टिअरिंग, पायातले पेडल आणि गियरचा दांडा संभाजीनगरच्या एका मुलानं विकायला काढला होता, त्याचं लग्न ठरलं होतं म्हणे. स्क्रीन केंद्रातली जुनी होती. राहिला मदरबोर्ड. त्यासाठी माझ्याकडं सहा हजार होते. त्याच्या वर एक रुपया जायला नको, कारण पॉवर सप्लाय अजून घ्यायचाच होता.

ऑनलाइन मी एक स्वस्तातला हेरून ठेवला होता. बटण दाबणार, एवढ्यात अण्णा मागून म्हणाले, "हे काय घेऊन राह्यली?"

"मदरबोर्ड."

"त्यानं काय व्हतं?"

आता हे कसं सांगायचं? मी म्हणाले, "ह्याच्यावर सगळं बसतं. प्रोसेसर ह्याच्यावर, रॅम ह्याच्यावर, कार्ड ह्याच्यावर. हा स्वतः काही करत नाही, पण हा नसेल तर बाकीचे नुसते सुटे तुकडे."

"मंग चेसिस म्हन ना सरळ!" अण्णा मांडी घालून बसले. "अन् चेसिस तू न पाहता घेऊन राह्यली? फोटो पाहून?"

त्या दिवशी अण्णा दीड तास बोलले. ट्रक कसा घेतात, हे मला एवढ्या वर्षांत माहीत नव्हतं. मला वाटायचं, शोरूममध्ये जायचं आणि ट्रक घेऊन यायचा. तसं नसतंच. कंपनीतून नुसती चेसिस येते. चाकं, इंजिन, स्टिअरिंग आणि वर उघडं आभाळ. केबिन नाही, सीट नाही, काच नाही. फळी बांधायची, त्यावर बसायचं, डोळ्यांना गॉगल, तोंडाला मफलर, आणि तसंच तीन दिवस चालवत घरी आणायचं. मग बॉडी बांधणाऱ्या मिस्त्रीकडं महिनाभर उभी करायची. "आनताना माश्या तोंडात जातात," अण्णा म्हणाले, "पन त्या तीन दिवसांत चेसिसचं सगळं खरं-खोटं कळून जातं. एकदा बॉडी चढली की मंग सगळ्याच गाड्या देखण्या. इंजिन उतरवता येतं, बॉडी नवी बांधता येते. चेसिस वाकडी निघाली की जिंदगीभर टायर खाते."

मी मोबाईल ठेवून दिला. खरं सांगायचं तर मदरबोर्डबद्दल इतकं नीट मला कुठल्याच व्हिडिओत कुणी सांगितलं नव्हतं. प्रोसेसर उद्या मोठा घेता येतो, रॅम वाढवता येते, पण बोर्ड बदलायचा म्हणजे सगळं उपसायचं.

शनिवारी आम्ही जालन्याला गेलो. जुन्या मोंढ्याकडच्या गल्लीत एका मारवाडी शेठचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. शेठ साठीचे. त्यांच्या वडिलांच्या काळी तिथं ऑइल इंजिनचे सुटे भाग मिळायचे, आणि वरच्या फळीवर अजूनही चार पुल्या ठेवलेल्या आहेत. त्या पुल्या बघताच अण्णांचा जीव भांड्यात पडला. दुकान बरोबर निवडलं, असं त्यांनी मला डोळ्यांनी सांगितलं.

शेठनी काचेवर तीन बोर्ड मांडले. पहिला साडेचार हजारांचा, मी ऑनलाइन हेरलेला तोच. गिऱ्हाइकानं घेऊन परत केलेला, पण हमी होती. दुसरा साधा, काळा, साडेसहाचा. तिसऱ्याची किंमत मी विचारलीच नाही, कारण त्याच्यावर रंगीत दिवे होते. शेठनी वायर लावून दाखवली आणि दिवे लाल-निळे-हिरवे पळायला लागले. अण्णांचा चेहरा बघायला हवा होता.

"हा," अण्णा म्हणाले.

"अण्णा, दिव्यांनी गेम चालत नाही."

"गाडीला दिवे नकोत?"

"ही गाडी कपाटाशेजारी उभी राहणार आहे! कोण समोरून येणार आहे तुमच्या?"

"तू गप. शेठ, ह्याचा ॲव्हरेज किती?"

शेठ मुळीच गडबडले नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या गिऱ्हाईक बघितलेला माणूस. म्हणाले, "देखो ड्रायव्हरसाब, तिन्हीचा ॲव्हरेज सेम. फरक लोडचा आहे. पहिल्यात दोन रॅम बसतात, दुसऱ्यात चार. उद्या मोठा प्रोसेसर टाकला तर पहिला गरम होईल, दुसरा पेलेल. आणि तिसऱ्याला तुम्ही पैसे दिव्यांचेच देणार, मी झूठ कशाला बोलू?"

"अन् मागं भोकं किती?" हे अण्णांना मीच सकाळी शिकवलं होतं. स्टिअरिंगला एक, गियरला एक, माऊस आणि कीबोर्ड धरून चार यूएसबी लागणार होते.

"पहिल्याला चार, दुसऱ्याला सहा."

मला सहा नको होते. मला साडेचार हजार हवे होते. मी म्हणाले, "शेठजी, पहिला बांधा. चार पुरतात आम्हाला."

"थांब," अण्णा म्हणाले.

त्यांनी पहिला बोर्ड दोन्ही हातांत कडेनं धरला आणि डोळ्यांच्या उंचीवर आणला. एक डोळा मिटला आणि दुसऱ्यानं कडेवरून लांब पाहिलं. मी लहानपणी त्यांना असं पाहताना बघितलंय. मिस्त्रीकडं गेले की ते जमिनीला गाल टेकवून चेसिसची पट्टी एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत अशीच बघायचे. मला लाज वाटली. दुकानात दोन कॉलेजची पोरं होती, ती एकमेकांकडं बघत होती. मी हळूच म्हणाले, "अण्णा, असं नसतं बघायचं."

"वाकलाय," अण्णा म्हणाले.

"काय वाकलाय? प्लास्टिकसारखं असतंय ते, तुम्हाला—"

"उजव्या कोपऱ्याला वाकलाय म्हन्लं ना. शेठ, काचेवर ठुवा."

शेठनी बोर्ड अलगद काचेवर सपाट ठेवला. अण्णांनी एका कोपऱ्यावर बोट टेकवलं. पलीकडचा कोपरा उचलला. बोट काढलं, कोपरा टक्‌ करून खाली बसला. परत टेकवलं, परत उचलला. मी खाली वाकून, डोळे बारीक करून बघितलं तरी मला तो वाक दिसेना. फक्त तो टक्‌ टक्‌ आवाज ऐकू येत होता.

शेठनी चष्मा काढून पुसला. "आधीच्या गिऱ्हाइकानं जड पंखा बसवला असणार. दोन महिन्यांत आतली तांब्याची रेघ तुटली असती. मला खरंच नव्हतं दिसलं, ड्रायव्हरसाब."

"मला दिसतं," अण्णा म्हणाले आणि माझ्याकडं वळले. "समोरचं मला बिलकुल बराबर दिसतं."

मी हात टेकले. शेठनी पहिला बोर्ड फळीखाली टाकला आणि दुसरा स्वतःहून सहाला दिला. अण्णांनी तोही डोळ्यासमोर धरून बघितला, काचेवर ठेवून चारही कोपरे दाबले, मान हलवली आणि मग म्हणाले, "अन् दिवे?"

"अण्णा!"

शेठ हसले. खणातून रंगीत दिव्यांची हातभर पट्टी काढली आणि डब्यात टाकली. "ही माझ्याकडून. तुम्ही माझी इज्जत वाचवली."

त्याच संध्याकाळी मी बोर्ड एका पाटावर ठेवून, येतानाच घेतलेला पॉवर सप्लाय लावून सगळे भाग जोडून बघितले. स्क्रीन लागली, पंखा फिरला. अण्णा पाटाशेजारी उकिडवे बसून म्हणाले, "उघडी चेसिस पळाली. आता बॉडीचं मी पाहतो."

इथं मी चुकले. मला वाटलं, ते जालन्याहून पत्र्याचा साधा कॅबिनेट आणणार. सकाळी मी बोर्ड परत त्याच्या डब्यात घालून दिला आणि केंद्रात निघून गेले. अण्णांनी तो डबा पिशवीत घातला आणि थेट त्यांच्या जुन्या बॉडी बांधणाऱ्या मिस्त्रीकडं नेला.

आठव्या दिवशी पिकअप दारात आली. चुलतभाऊ आणि मिस्त्री दोघांनी मिळून जे खाली उतरवलं, ते बघून आई म्हणाली, "ही कोठी कुनाची?" खरंच, आमच्या ज्वारीच्या कोठीएवढं होतं ते. पत्रा, लाकडी फळ्या, दोन्ही बाजूंना जाळी, पुढं दोन कमळं, बाजूला मोर, काळा गोंडा, आणि खाली चक्क दोन मडफ्लॅप. मागच्या फळीवर पिवळ्या अक्षरांत 'आईचा आशीर्वाद' लिहिलेलं.

"कुनाच्या आईचा?" आईनं विचारलं.

मी म्हणाले, "एवढं मोठं कशाला, अण्णा?"

"माप घेऊन बांधलंय," अण्णा म्हणाले.

"कशाचं माप?"

आता मिस्त्री पुढं झाले. त्यांचं म्हणणं असं, की डबा उघडला तर धूळ जाईल, म्हणून त्यांनी उघडलाच नाही. डब्याचंच माप घेतलं. आणि कुठलीही बॉडी बांधताना चारी बाजूंनी हातभर जागा सोडायची असते, माल भरायला, ती त्यांनी सोडली. त्यात माझा बोर्ड बसवला तेव्हा तो मोकळ्या खळ्यात पाट टाकल्यासारखा दिसत होता. स्क्रूची भोकंही जुळत नव्हती. मिस्त्रींनी तिथंच ड्रिल काढून पत्र्याला नवी पाडली, आणि मी बोर्डावर फडकं धरून आरडाओरडा करत उभी राहिले. उरलेल्या जागेत आईनं दुसऱ्याच दिवशी पापडाचा डबा ठेवला. मी तो काढला. तिनं परत ठेवला.

एक मात्र कबूल करते. मे महिन्यात, आमच्याकडं घरात बसून घाम गळत असताना, ते मशीन एकदाही तापलं नाही. आतून वारा खेळत होता.

रविवारी सकाळी अकरा वाजता अण्णांनी पहिल्यांदा स्टिअरिंग धरलं. अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, अगरबत्ती लावून. ते खुर्चीवर, मी उजवीकडं उभी, आई दारात लसूण सोलत. आतल्या पट्टीचे दिवे पळत होते. गेममधला ट्रक सुरू झाला आणि अण्णांनी क्लच दाबून गियर टाकला तो असा, की माझ्या अंगावर काटा आला. सहा महिन्यांत त्यांचे खांदे मी असे सरळ बघितले नव्हते. दहा मिनिटं गाडी अशी गेली की वाटलं, झालं, आपण जिंकलो. आता हे रस्त्यावर जाणार नाहीत.

मग एक चौक आला आणि डावीकडून आलेल्या गाडीवर ट्रक धाडकन आदळला.

"मशीन खराब हाय," अण्णा म्हणाले.

परत सुरू केलं. पुढं डावीकडचा छोटा रस्ता येऊन मिळत होता. परत धडक.

"गेमवाल्यानं मुद्दाम आनली ती."

तिसऱ्यांदा पुन्हा तसंच झालं, पुन्हा डावीकडूनच. आता माझ्या जिभेवर आलं होतं, बघा, बघा आता, डॉक्टर काय येडा होता का! तेवढ्यात दंडाला असा चिमटा बसला की डोळ्यांत पाणी आलं. आई कधी येऊन उभी राहिली, मला कळलं नव्हतं. मी ओठ मिटले. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा वेळेवर गप्प बसले असेन.

अण्णांनी स्टिअरिंगवरचे हात काढले. मान वळवून स्क्रीनच्या डाव्या बाजूला पाहिलं आणि तिथल्या चेपलेल्या गाडीवर बोट टेकवलं.

"ही गाडी इथं कधीपासून व्हती?"

"मघापासूनच होती, अण्णा. लांबून येत होती."

"तुला दिसून राह्यली व्हती?"

"हो."

त्यांनी बोट स्क्रीनवरून उचललं. मग म्हणाले, "मला न्हाई दिसली."

हे वाक्य डॉक्टरांनी काढून घेतलं नव्हतं, आईनं रडून काढलं नव्हतं, मी ओरडून काढलं नव्हतं. अण्णांनी शर्टाच्या खिशातून लायसन्स बाहेर काढलं. त्याच्या प्लास्टिकच्या पाकिटात मागं एक किल्ली होती. नवी, चकचकीत. ती त्यांनी स्टिअरिंगशेजारी ठेवली.

आईनं ती लगेच ओळखली. "ही पिकअपची? मंग कोठीतली?"

"ती कोठीतच हाय. तू लपवली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ती उकरून अंबडला नेली, ही बनवून आनली अन् ती परत पुरून ठुवली."

"किती वेळा चालवली?"

"चारदा. तू शेतात गेल्ती तवा."

चारदा. मी केंद्रात ओटीपी विचारत होते, आई कोठीवर पहारा देत होती, आणि हे चार वेळा त्याच हायवेवर जाऊन आले होते. मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो, त्यामुळं मी काय करत होते मलाच कळेना. "एखादं पोर आलं असतं मधी," आई म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"म्हनून तर देऊन राह्यलो," अण्णा म्हणाले. "घे." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "अन् तुझं ते रिन्यूच्या फॉर्मचं, माय, परत नाव न्हाई काढनार."

आईनं किल्ली उचलून कमरेला खोचली. मला वाटलं, आता ती आत जाईल आणि दार लावून घेईल. ती स्वयंपाकघरात गेली खरी, पण स्टूल घेऊन परत आली. ते अण्णांच्या डाव्या हाताला ठेवलं, पदर सावरून त्यावर बसली आणि सोललेला लसूण मांडीवर घेतला.

"चला. डावीकडचं मी पाहते."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"चौतीस वर्षांत एकदा तरी केबिनमधी बसवलं का मला, कळायला? चला म्हन्लं ना."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी खांदे उडवले. त्यांनी गाडी परत सुरू केली, मोठा वळसा घेतला आणि त्याच चौकाकडं निघाले. आई स्क्रीनला नाक लावून बसली होती.

"थांबा," ती म्हणाली. "डावीकडून पांढरी गाडी येऊन राह्यली."

अण्णांनी ब्रेक दाबला. पांढरी गाडी ऐटीत पुढून निघून गेली. मागं दुसरा ट्रक हॉर्न वाजवत होता, तरी अण्णा हलले नाहीत. आईनं अजून एकदा नीट बघून घेतलं.

"आता साफ हाय," ती म्हणाली. "जाऊ द्या."

अण्णांनी पहिला गियर टाकला.